दुसऱ्यांदा डेंग्यू, पहिला कधी झाला ते ठाऊक नाही

पोळ्याच्या आदल्या दुपारी ताप आला. धंतोलीतल्या ऑफिसात एका कापूस व्यापाऱ्याच्या खात्यांचा ताळमेळ लावत बसले होते, तोच हुडहुडी भरली, डोळ्यांच्या मागे ठणका लागला, आणि ऑटो करून महालात घरी पोचेपर्यंत ताप १०३ वर गेलेला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि सांगून टाकलं, "डेंगू आहे बाई हा. मागच्या गल्लीतल्या पोराले असाच आला होता."

नागपुरात ऑगस्ट सरताना आलेल्या कोणत्याही तापाला लोक हेच म्हणतात आणि पुष्कळदा ते खरं निघतं. इथे खिडकीखिडकीत कूलर. उन्हाळा गेला तरी ते काढायचा कंटाळा, मग टाकीत पावसाचं पाणी साठतं. एडिस डासाच्या मादीला असंच स्वच्छ, न हलणारं पाणी लागतं. नुसतं पाणी ओतून भागत नाही. टाकीच्या भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून टाकी घासावी लागते. आमच्या ऑफिसच्या मागच्या खिडकीत असा एक कूलर जूनपासून "काढतो, काढतो" या अवस्थेत होता. हा डास दिवसा चावतो आणि माझा दिवस त्या खिडकीजवळ जातो. चावल्यापासून ताप येईपर्यंत ४ ते १० दिवस जातात, त्यामुळे पुरावा काही नाही. संशय मात्र त्याच्यावरच आहे.

पोळ्याच्या दिवशी डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगितलं. अंगदुखी कितीही असू दे, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. रक्त दुसऱ्या दिवशी देऊ म्हणाले. दुसरा दिवस मारबतीच्या मिरवणुकीचा. रस्ते बंद, गर्दी, ढोल. लॅबवाला पोरगा गल्लीबोळांतून गाडी काढत घामाघूम होऊन आला. तो माझ्या दंडाला पट्टी आवळत होता तेव्हा बाहेर "घेऊन जा गे मारबत" चालू होतं. दरवर्षी या आरोळीत महागाई, भ्रष्टाचार आणि रोगराई एकाच दमात हद्दपार होतात. डासांचं नावही असतंच.

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. एनएस१ पॉझिटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह. आयजीजी पॉझिटिव्ह. प्लेटलेट १,४२,०००, पांढऱ्या पेशी ३,१००, पीसीव्ही ३७.

आकडे वाचण्यात माझं आयुष्य चाललं आहे, पण हे तीन शब्द कसे जुळवायचे ते कळेना. डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "ताई, याआधी डेंग्यू झाला होता ना?"

"नाही हो. कधीच नाही."

"झाला होता. तुम्हाला कळलं नाही, एवढंच."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे. आयजीएम ही शरीराने नव्याने बनवलेली पहिल्या फळीची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटणारी प्रथिनं. ती तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी नसणं ठीकच. पण आयजीजी, म्हणजे मागाहून येणारी, टिकून राहणारी प्रतिपिंडं? आयुष्यात पहिल्यांदाच डेंग्यू झाला असेल तर ती यायला आठवडा किंवा त्याहूनही जास्त लागतो. तिसऱ्या दिवशीच ती हजर असेल तर याचा अर्थ शरीर हे काम पूर्वी कधीतरी करून बसलं आहे. अर्थात ही झटपट कार्डाची चाचणी, तिच्यावर पूर्ण विसंबायचं नाही. डेंग्यूच्या कुळातल्या दुसऱ्या विषाणूमुळेही ती फसू शकते. पण नागपुरात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत पैज जुन्या डेंग्यूवरच लावायची, असं ते म्हणाले.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं, तेव्हा त्यांची पैज किती साधी होती ते कळलं. डेंग्यूच्या चारपैकी साधारण तीन संसर्गांत माणसाला फारसं काही जाणवतच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ५ ते ४५ वयाच्या लोकांचं रक्त तपासलं, तर सुमारे ४९ टक्के लोकांत जुन्या डेंग्यूच्या खुणा सापडल्या. म्हणजे जवळजवळ निम्मा देश. त्यांतल्या कितीजणांना तो झाल्याचं ठाऊक असेल?

फोनवर मला वाटलं, चला, बरंच झालं. कांजण्या एकदा आल्या की पुन्हा येत नाहीत, तसं काहीतरी असेल. जुनी ओळख आहे, शरीर लवकर निपटेल. तसं बोललेही.

डॉक्टर थोडं थांबून म्हणाले, "डेंग्यूत तेच जरा उलटं आहे. ताप उतरेल त्या दिवशी मला फोन करा. चढेल तेव्हा नाही, उतरेल तेव्हा."

हे उलटं का, ते समजायला आधी सुलटं काय ते सांगावं लागेल. आरोग्य पुरवण्यांत पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणायची प्रथा आहे. मला ते पटत नाही. सैनिकाला शत्रू कोण ते कोणीतरी सांगतं. इथे सांगणारं कोणीच नसतं. प्रतिपिंडं बनवतात त्या पांढऱ्या पेशी म्हणजे बी पेशी. अस्थिमज्जेत त्या तयार होताना प्रत्येक पेशी आपल्या जनुकांचे काही तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून घेते आणि त्यातून तिच्या अंगावर एकच एक आकाराचा ग्राहक, म्हणजे बाहेरचं काही पकडणारी खाच, बसतो. हे तुकडे जोडण्याचं गूढ जपानच्या सुसुमू टोनेगावा यांनी उकललं, त्याबद्दल त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. अशा कोट्यवधी पेशी, प्रत्येकीचा आकार निराळा, बहुतेकींना जन्मभर कोणी भेटतच नाही. विषाणू शरीरात आला की तो ज्या मोजक्या पेशींच्या ग्राहकात बसतो त्याच पेशी वाढू लागतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. ही निवडीची कल्पना ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडली. म्हणजे शरीर शत्रूला पाहून हत्यार घडवत नाही. आधीच घडवून ठेवलेल्या अगणित हत्यारांतलं जे नेमकं लागू पडतं त्याचा साठा वाढवतं.

पुढचं मला जास्त आवडलं. वाढणाऱ्या पेशी लसीकाग्रंथींत आपल्या जनुकांत बारीकबारीक बदल करत राहतात. ज्यांची पकड घट्ट होते त्या टिकतात, ढिलीवाल्या मरतात. या कामाला सहायक टी पेशींची, म्हणजे दुसऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींची, संमती लागते. दुसऱ्या प्रकारच्या टी पेशी विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी हेरून मारतात, कारण पेशीच्या आत दडलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंड पोचत नाही. सगळं आटोपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात. काही मात्र स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षं राहतात, आणि काही अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून थोडीथोडी प्रतिपिंडं सोडत बसतात. पहिल्या वेळी आठवडाभर लागलेलं काम पुढच्या वेळी दोन-तीन दिवसांत होतं ते यांच्यामुळे. लस टोचतात ती या साठवणीसाठीच.

आता उलटं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एकाच घरातले भाऊ, पण जुळे नव्हेत. ज्या प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला त्याच्यापासून जन्मभर संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांपासून मात्र काही महिनेच. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीमुळे ओळखले जाणारे अल्बर्ट साबिन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. ते थोडे महिने सरले की जुनी प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करण्याइतकी घट्ट नाही. आणि इथे गोची होते. रक्तातल्या काही भक्षक पेशी प्रतिपिंड चिकटलेली वस्तू दिसली की ती आत ओढून घेतात, कारण प्रतिपिंड म्हणजे "हे गिळायचं आहे" असा गेटपास. डेंग्यूच्या विषाणूला नेमकं याच पेशींत शिरून वाढायचं असतं. न मेलेला विषाणू आपल्याच गेटपासवर आत जातो.

अमेरिकी संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांनी थायलंडमधली आजारी मुलं पाहून ही कल्पना पुढे आणली. मग क्यूबात जे घडलं ते एखाद्या प्रयोगासारखंच होतं. १९७७ मध्ये तिथे पहिल्या प्रकाराच्या डेंग्यूची साथ आली, बरीचशी सौम्य. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची आली आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. गंभीर आजारी पडलेल्यांत बहुतेक आधी पहिल्या प्रकाराला सामोरे गेलेले. १९९७ मध्ये सांतियागो शहरात पुन्हा दुसऱ्या प्रकाराची साथ आली तेव्हा गंभीर झाली ती प्रौढ माणसं. वीस वर्षांपूर्वीच्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांना त्या मानाने काही झालं नाही. स्मृती वीस वर्षं टिकली होती, फक्त ती भलत्या भावाची होती.

हे वाचून कोणी घाबरू नये म्हणून लगेच सांगते. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुतेकांनाही गंभीर काही होत नाही. धोका वाढतो, इतकंच. डॉक्टरांनी मला फोनवर बजावलं ते त्यासाठी.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. ९८.४. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, माझ्यासाठी मऊ वरणभात लावला. मला मात्र आदल्या दिवसापेक्षा वाईट वाटत होतं. उजव्या बरगडीखाली दुखत होतं, घोटभर पाणी पोटात ठरत नव्हतं, आणि उठून बसावंसंच वाटेना. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. "ताप गेला आहे" हे ऐकताच ते म्हणाले, "घेऊन या."

"काऊन? ताप उतरला न, मग आता कायले सलाईन?" सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे ताप गेला म्हणजे आजार गेला.

रामदासपेठेतल्या एका लहान इस्पितळात दाखल झाले. प्लेटलेट ४६,०००, पीसीव्ही ४३. घरच्या सगळ्यांचे डोळे पहिल्या आकड्यावर, डॉक्टरांचे दुसऱ्यावर. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के. माझा ३७ वरून ४३ झाला होता. पेशी वाढल्या नव्हत्या, पाणी कमी झालं होतं. केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडून रक्तातला पातळ द्रव बाहेर झिरपत होता, पोटात आणि फुफ्फुसाभोवती. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा या झिरपण्याने, रक्तदाब कोसळून. ही वेळ नेमकी ताप उतरण्याच्या सुमारास येते आणि एक ते दोन दिवस टिकते. तोवर रक्तातला विषाणू बराचसा संपत आलेला असतो. भिंती सैल करणारी रसायनं पुष्कळशी आपल्याच पेशींनी सोडलेली असतात, लढाईच्या भरात. विषाणूचं ते एनएस१ प्रथिनही त्यात हातभार लावतं. माझ्या पोटातलं दुखणं, उलट्या, ती ग्लानी, हीच तर धोक्याची लक्षणं. नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी, अस्वस्थपणा हीही त्याच यादीतली.

मग सुरू झालं मोजमाप. सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, वरचा आणि खालचा रक्तदाब यांतलं अंतर किती, काही तासांनी पुन्हा पीसीव्ही. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे आवडण्यासारखं. जमा आणि खर्च, ताशी. सलाईन कमी पडलं तर रक्तदाब पडणार, जास्त झालं तर पुढे फुफ्फुसांत पाणी. नर्सताईंनी सगळं वहीत लिहिलं, एक नोंद चुकवली नाही.

बाहेर बाकड्यावर वेगळंच चाललं होतं. दिराने व्हॉट्सअ‍ॅपवर प्लेटलेटदात्यांचा शोध आरंभला होता. मावशी बकरीचं दूध घेऊन आल्या. कोणीतरी किवी आणलं, जे डेंग्यूच्या मोसमात सोन्याच्या भावाने विकलं जातं आणि ज्याने प्लेटलेट वाढल्याचं मी तरी कुठे धड वाचलं नाही. पपईच्या पानांचा रस सासूबाईंनी घरी वाटूनच ठेवला होता. उलट्या चालू असताना तो कडू रस प्यायचा म्हणजे शिक्षाच. डॉक्टरांनीच नाही म्हटलं म्हणून सुटले. प्लेटलेटबद्दलही त्यांनी दिराला शांतपणे सांगितलं की रक्तस्राव नसेल तर १०,००० च्या खाली जाईपर्यंत त्या चढवायच्या नसतात. चढवल्या तरी ज्या कारणाने यांच्या कमी होऊन राहिल्या आहेत त्याच कारणाने त्याही जातील. दीर काही पूर्ण पटल्यासारखा दिसला नाही. यादी मोबाईलमध्ये तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्लेटलेट २८,००० वर आल्या तेव्हा मीही हादरले. पण पीसीव्ही ४१ झाला होता, आणि डॉक्टर त्यावर खूश. त्याच रिपोर्टच्या तळाशी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींबद्दल एक शेरा होता: लिम्फोसाइट ५४ टक्के, रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट दिसतात. नवऱ्याने कॉरिडॉरमध्ये उभं राहून तो शब्द इंटरनेटवर शोधला आणि पांढराफटक चेहरा घेऊन आत आला. रक्ताच्या कर्करोगापर्यंत जाऊन आला होता बिचारा.

डॉक्टर हसले. "अहो, याच तर त्या."

मोठ्या झालेल्या, निळसर दिसणाऱ्या, आकाराने ओबडधोबड अशा या पेशी म्हणजे कामाला लागलेल्या टी आणि बी पेशी. एरवी रक्तात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी शोधूनही थोड्याच सापडतात. डेंग्यूच्या सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास त्यांचा असा पूर येतो की काही रुग्णांत रक्तातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जवळपास तिसरा हिस्सा त्यांचाच भरतो. एकेक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं ओतते. आधीच्या दिवसांत विषाणूशी अर्धवट हात मिळवणाऱ्या जुन्या प्रतिपिंडांच्या जागी आता या प्रकाराला नेमकी बसणारी येऊ लागलेली असतात. इतकं पुस्तकी ज्ञान, आणि ते माझ्याच रक्तात, लॅबवाल्याने टाईप केलेल्या एका ओळीत. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून आहे.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पीसीव्ही ३८. झिरपलेलं पाणी परत रक्तात येऊ लागलं, लघवी वाढली, म्हणून सलाईन लगेच बंद केलं. भूक लागली. पायांवर लालभडक पुरळ उठलं, त्यात मध्येमध्ये पांढरे ठिपके, आणि तळव्यांना अशी खाज की झोप नाही. हे बरं होण्याचं लक्षण म्हणे. प्लेटलेट ७१,००० झाल्या आणि काही न चढवताच घरी सोडलं.

अशक्तपणा मात्र पुढे कित्येक आठवडे पुरला. जिना चढून आलं की बसावं लागे. दिवाळीनंतर केस गळायला लागले, कंगव्यात झुबकाच. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि केस परत येतात, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून धीर धरला.

फेरतपासणीला गेले तेव्हा विचारलं, मला झाला तो कोणता प्रकार? ते कार्डावर कळत नाही, त्याला पीसीआर लागतं, आणि उपचार बदलत नसल्याने रोजच्या व्यवहारात कोणी करत नाही. म्हणजे चारपैकी दोघांशी माझी आता पक्की ओळख आहे आणि ते दोघे कोण हे मला सांगता येणार नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा झालाच तर तो सहसा सौम्य जातो, असंही ते म्हणाले.

माझी खरी काळजी मुलाची होती. तो तेरा वर्षांचा. त्याला लस देता येईल का? यातही तोच चार भावांचा घोळ आहे. फिलिपाईन्समध्ये २०१६ पासून ८ लाखांहून जास्त मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात लस बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता त्यांना लसीनंतर खरा डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. लसच त्यांच्यासाठी पहिला संसर्ग ठरली होती. म्हणून चारही प्रकारांविरुद्ध सारखी घट्ट प्रतिपिंडं देणारी लस हवी, आणि ती बनवणं इतर लसींहून अवघड. आपल्याकडे एका डोसच्या, चारही प्रकारांवरच्या देशी लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये रोहतकपासून सुरू झाली, दहा हजारांवर माणसांवर. ती बाजारात येईपर्यंत मुलाला पूर्ण बाह्यांचा शर्ट.

घरी येऊन सासूबाईंना हे सगळं जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुयाले अजून दोन बाकी, अन् पोराले चारही?"

"चारही असतील. किंवा तीन. त्यालाही न कळता एखादा होऊन गेला असेल."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर जिन्यात खरखर आवाज. गच्चीवर आमच्या कूलरबरोबर शेजाऱ्यांचेही दोन कूलर उलटे पाडून ठेवलेले, आणि माझा मुलगा व शेजारचा पोरगा तारेची घासणी घेऊन टाक्यांच्या भिंती घासतायत. सासूबाई खुर्ची टाकून देखरेखीला. मला म्हणाल्या, "तुया ऑफिसातला कूलर कोणाचा आहे? नंबर दे त्याचा."

नंबर दिला. कूलर त्याच आठवड्यात निघाला.